सूचना क्रमांक नऊ

मयुरी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी निघाली तेव्हा तिने सासूच्या हाती कपाटाच्या किल्ल्या दिल्या आणि सासऱ्याच्या हाती दोनशे पानी वही. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, ‘टाकीसाठी सूचना’. खाली एक ते सत्तावीस आकडे, सुवाच्य अक्षरात.

टाकी म्हणजे बैठकीच्या खोलीतली साडेतीन फुटी काचेची पेटी. तिच्यात खारं पाणी, भोकाभोकांचे दगड, केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे, आणि मधल्या दगडावर मयुरीच्या जिवाचा तुकडा असलेली एक वसाहत. शर्टाच्या बटणाएवढी हिरवी-जांभळी फुलं, प्रत्येकाला बारीक झालर. दिसायला फुलं, पण असतात प्राणी. मयुरी त्यांना ‘झोआ’ म्हणायची. चार वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका हौशी माणसाकडून तिने तीन फुलांचा एक चिमुकला तुकडा घेतला होता आणि पाण्याच्या पिशवीत घालून, ती पिशवी थर्मासमध्ये ठेवून, तो थर्मास मांडीवर धरून एसटीने देऊळगाव राजाला आणला होता. तीनची आता बावन्न झाली होती.

मयुरी रत्नागिरीची. तिच्या माहेरच्या ओट्यावरून समुद्र दिसतो. लग्न होऊन इकडे आली, कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायला लागली, आणि दुसऱ्या वर्षी पगारातून ही टाकी घेतली. गावात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी, आणि ह्यांच्या घरात समुद्र. खारं पाणी फार तापू नये म्हणून बैठकीत एसी बसवला तेव्हा शेजारच्या कलाबाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, “माणसं कूलरपुढी अन् मासे एसीत! पुढच्या जन्मी मलेही या टाकीत घाल वं पोरी.”

मयुरीचे सासरे माणिकराव एकतीस वर्षं एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते. माणसांपेक्षा पुस्तकांशी त्यांचं जास्त जमायचं. सुनेशी दिवसाकाठी चार वाक्यांच्या वर बोलणं व्हायचं नाही, तेही ‘चहा घेता का’ आणि ‘पेपर आला का’ यातलं. पण रोज संध्याकाळी ते टाकीसमोर खुर्ची ओढून बसायचे. ते मयुरीने पाहिलं होतं. म्हणूनच वही तिने नवऱ्याला न देता सासऱ्याला दिली. अश्वजित जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत होता. सकाळी साडेसातच्या बसने जायचा आणि रात्री आठला यायचा. त्याला टाकीतलं एवढंच कळायचं, की तिचं लाइट बिल येतं.

“मला जमेल का पण?” माणिकरावांनी विचारलं.

“बाबा, तुम्ही वाचून करता,” मयुरी म्हणाली. “मनाने काही करत नाही. अशाच माणसाकडे टाकी टिकते.” मग ती झोआंकडे वळली. “मासे गेले तर वाईट वाटेल, दुसरे आणता येतील. पण ही वसाहत गेली तर मी टाकीच बंद करणार आहे. बाळ आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू करणं माझ्याने व्हायचं नाही.”

माणिकरावांनी वही दोन्ही हातांनी घेतली.

पहिला महिना त्यांनी वहीप्रमाणे काढला. पाण्यातलं मीठ मोजायची नळी उजेडाकडे धरून बघायची, आटलेलं पाणी साध्या पाण्याने भरायचं, बर्फात गोठवलेल्या बारीक कोळंबीची वडी विरघळवून माशांना द्यायची, दगडाला उघड्या हाताने शिवायचं नाही, कारण झोआंच्या अंगात विष असतं. काही शंका आली की ते आधी वही बघायचे, मग पुन्हा बघायचे. सूचना क्रमांक नऊ त्यांना पाठच झाली होती: ‘पंप कधीही बंद करू नये. कधीही.’ दुसऱ्या ‘कधीही’खाली दोन रेघा होत्या. लाइट गेली तरी पंप इन्व्हर्टरवर चालू राहायचा.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात डावीकडच्या दगडाच्या फटीत त्यांना एक नवीनच फूल दिसलं. बोटाच्या पेराएवढं, तपकिरी पण आरपार दिसणारं, जणू काचेचं. बारीक दांड्यावर लांब लांब पाकळ्या, पाण्याबरोबर हलणाऱ्या. माणिकराव चष्मा वर-खाली करून बघत राहिले. वहीत याचा उल्लेख नव्हता. म्हणजे मयुरी गेल्यावर जन्मलं. आपल्या हातून टाकीत काही मरण्याऐवजी काही जन्मावं, याचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी तो कोणाला सांगितला नाही. मयुरी परत आली की दाखवू, एवढंच मनाशी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी माशांना खाऊ घालताना त्यांनी ड्रॉपरने कोळंबीचा एक कण त्या फुलावर सोडला. फुलाने पाकळ्या मिटून तो आत घेतला. तिसऱ्या दिवशी ड्रॉपर जवळ जाताच ते आधीच पसरलं. त्यानंतर रोज सकाळी, माशांच्याही आधी, माणिकराव त्याला जेवू घालू लागले.

एप्रिल लागला तेव्हा तशी बारा फुलं झाली होती. आणि मधल्या दगडावरच्या झोआंपैकी डाव्या कडेची पाच-सहा बटणं दिवसभर मिटलेली असायची.

माणिकरावांनी ती दोनदा मोजली. मयुरीला फोन करावा, असं एक मन म्हणालं. त्यांच्या बायकोने, भिमाबाईंनी, ते ऐकूनच घेतलं नाही.

“नववा महिना लागला तिले,” त्या म्हणाल्या. “या दिवसात तिले असं काही सांगाचं नाही. काय झालं मले दाखवा.”

भिमाबाईंचं अर्धं आयुष्य साखरखेर्ड्याला वडलांच्या शेतात आणि नंतर दिराच्या शेतात निंदण्या-खुरपण्यात गेलं होतं. त्या टाकीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. बारा फुलं त्यांनी बारा सेकंदांत ओळखली.

“हे तर तण होय.”

“अवं, तण कसं असेल? प्राणी आहे तो.”

“पिकाच्या बाजूले येऊन पीक दाबते, म्हणजे तणच की. काऊन, तुमच्या पुस्तकात तणाले पाय नसतात का?” त्यांनी वहीत सांगितलेले रबरी हातमोजे चढवले, स्वयंपाकघरातून एक जुना चमचा आणला आणि पदर खोचला. माणिकराव ‘थांब’ म्हणणार होते. पण थांब म्हणायला कारण सांगावं लागतं आणि त्यांच्याकडे कारण नव्हतं. नुसती भीती होती, आणि ती तर त्यांना सगळ्याचीच वाटायची. त्यामुळे ते बायकोच्या हाताखाली टॉवेल धरून उभे राहिले. भिमाबाईंनी सफाईने दगड खरवडून काढले. फुलांचे तुकडे पाण्यात गरगरले, पंपाच्या धारेबरोबर इकडेतिकडे गेले आणि दिसेनासे झाले.

“झालं निंदण,” भिमाबाई म्हणाल्या. “एवढ्यासाठी तोंड पाडून बसले होते.”

आठ दिवस टाकी स्वच्छ दिसली. नवव्या दिवशी माणिकरावांना काचेच्या कोपऱ्यात तिळाएवढा एक तपकिरी ठिपका दिसला, मग पंपाच्या तोंडाशी तीन, मग उजवीकडच्या दगडावर, जिथे आधी एकही नव्हतं तिथे, एक ओळच. त्यांनी भिंग आणलं. प्रत्येक ठिपक्याला बारीक पाकळ्या होत्या. साठपर्यंत मोजून त्यांनी भिंग खाली ठेवलं.

मयुरीच्या कपाटात समुद्री टाक्यांबद्दलचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. आधीच ते काढायला हवं होतं, हे माणिकरावांना आता कळत होतं. पण सुनेच्या कपाटाला तिच्यामागे हात लावायला त्यांना संकोच वाटला होता. आणि वहीत सगळं असताना पुस्तक उघडणं म्हणजे वहीवर अविश्वास दाखवल्यासारखं. भिमाबाईंकडून किल्ली घेऊन, शेजारी शब्दकोश ठेवून ते पुस्तक वाचायला बसले. चौदाव्या प्रकरणात त्यांना आपलं फूल सापडलं. अगदी तेच, तसंच काचेसारखं. प्रकरणाचं नाव होतं ‘उपद्रवी जीव’.

त्याचं नाव एप्टेशिया. समुद्रफुलांच्या जातीतलं, पण कोणालाच नको असलेलं. शेजाऱ्याला डंख मारून जागा बळकावतं. लेखकाने दोन गोष्टी ठळक अक्षरात बजावल्या होत्या. याला खाऊ घालू नका. आणि याला कापू किंवा खरवडू नका, कारण राहिलेल्या प्रत्येक तुकड्यातून नवं उगवतं.

माणिकरावांनी दोन्ही वाक्यं तीनदा वाचली. करू नका म्हणून ज्या दोन गोष्टी सांगितल्या होत्या, त्या दोन्ही या घरात झाल्या होत्या.

रात्री अश्वजित आला. माणिकरावांनी त्याला पुस्तकातलं चित्र दाखवलं आणि सगळं सांगितलं. अश्वजित हसायला लागला तो थांबेना.

“बाबा, म्हणजे तुम्ही महिनाभर चोराले जेवू घातलं? अन् आईने चोराचे साठ चोर केले?”

“मले काय सांगतं रे,” भिमाबाई आतून ओरडल्या. “लव्हाळा असता तर म्या चमचा लावलाच नसता. लव्हाळा तोडला की दुपटीनं येते, हे लहान पोराले कळते. याच्या अंगावर काय लिहिलं होतं का, मी लव्हाळ्याच्या जातीचा म्हणून?”

“याच्यावर औषध?” अश्वजितने विचारलं.

“एक झिंगा आहे, तो हे खातो. मुंबईत मिळतो म्हणे.”

“या उन्हाळ्यात मुंबईहून झिंगा येईपर्यंत त्याची भाजी होऊन जाईल. दुसरं?”

“चुना.”

“काय?”

माणिकरावांनी ओळीवर बोट ठेवलं. शुद्ध चुन्याची निवळी पुष्कळ लोक या टाक्यांत मुद्दाम घालतात. मयुरीच्या कपाटातही तसल्या चुन्याचा परदेशी डबा होता. तोच चुना थोड्या पाण्यात घट्ट कालवायचा, बिनसुईच्या सिरिंजमध्ये भरायचा आणि थेट त्या फुलाच्या तोंडात सोडायचा. ते आतल्या आत जळून जातं, तुकडे होत नाहीत. मात्र एका दिवशी चार-पाचच. जास्त चुना गेला तर पाणी बिघडून सगळंच मरेल.

भिमाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी तो डबा उघडून चिमूटभर पूड बोटांवर चोळून पाहिली. तंबाखूसाठी त्यांच्या कनवटीला कायम चुन्याची डबी असायची. “एवढ्या कौतुकाचा डबा, अन् आत चुना! मायबाई. मले सांगतलं असतं तर पोरीले पाच रुपयात आणून देल्ला असता.”

“नाही, हाच घ्यायचा,” माणिकराव घाईने म्हणाले. “शुद्ध पाहिजे.”

“घ्या ना मंग. उद्याच करा.”

पण उद्या झालं नाही. कारण त्याच परिच्छेदाच्या शेवटी एक वाक्य होतं: चुना सोडण्याआधी सगळे पंप बंद करावेत आणि एक तास बंदच ठेवावेत, नाहीतर तो धारेबरोबर पसरून शेजारच्या जिवांवर बसतो.

माणिकरावांनी पुस्तक उघडं ठेवलं आणि त्याच्या शेजारी वही उघडली. पुस्तक म्हणत होतं, बंद करा. वही म्हणत होती, कधीही नाही. पुस्तकाचा लेखक चाळीस वर्षं हेच काम केलेला. पण त्याने ही टाकी पाहिली नव्हती. मयुरीने टाकी पाहिली होती. पण लिहिताना तिला एप्टेशिया ठाऊक नव्हता. की ठाऊक होता, आणि म्हणूनच दोन रेघा मारल्या होत्या? आयुष्यभर त्यांनी लिहिलेलं मानलं होतं. दोन लिहिलेल्या गोष्टी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या तर काय करायचं, हे कुठे लिहिलेलं त्यांच्या वाचनात आलं नव्हतं.

शेवटी त्यांनी एक वाट काढली. लाइट जाऊ द्यायची, इन्व्हर्टर संपू द्यायचा. मग पंप आपोआप बंद पडेल. आपण बंद केला, असं होणार नाही, आणि चुना तेवढ्यात देता येईल. एप्रिलमध्ये दुपारी दोन-दोन तास लाइट जायची. सिरिंज भरून ते टाकीसमोर बसले. त्या आठवड्यात नेमकी लाइट गेली नाही. एकदा गेली ती वीस मिनिटं. इन्व्हर्टर हूं की चूं न करता चालत राहिला. सिरिंजमधला चुना दगड झाला.

शनिवारी अश्वजितला सुट्टी होती. त्याने बापाला तसं बसलेलं पाहिलं.

“बाबा, काय करून राह्यले?”

“लाइट जायची वाट बघतोय.”

अश्वजित भिंतीला टेकला. “सारं गाव लाइट याची वाट पाह्यते. जायची वाट पाह्यणारे तुम्ही एकलेच. अहो, बटन आहे ना तिथी! खाली पाडा.”

“वहीत नाही म्हटलंय.”

“मंग मी पाडतो.”

“नको!” माणिकराव उठून बटणाच्या आडवे उभे राहिले. एवढ्या मोठ्याने आपण बोलू शकतो याचं त्यांनाच नवल वाटलं. “तू पाडलं तरी मीच पाडल्यासारखं आहे. तिने मला दिली आहे टाकी.”

त्याच दुपारी मयुरीचा फोन आला. तिचा आवाज थकलेला होता. दिवस भरत आले होते. आईने काय काय खायला घातलं ते तिने भिमाबाईंना सांगितलं आणि मग म्हणाली, “बाबांना द्या ना.” माणिकरावांनी फोन कानाला धरला.

“बाबा, झोआ उघडतात ना?”

माणिकरावांनी टाकीकडे पाहिलं. बावन्नपैकी एकतीस उघडी होती. डावीकडची काही नुसती मिटलेली नव्हती. ती पांढुरकी पडून दगडावर सुकल्यासारखी दिसत होती. भिमाबाई समोर उभ्या राहून मान हलवत होत्या. नाही, नाही, सांगायचं नाही.

“हो,” माणिकराव म्हणाले. “उघडतात.”

“मग मला काळजी नाही,” मयुरी म्हणाली, आणि फोन ठेवला.

माणिकरावांनी फोन बायकोकडे दिला. खोटं ते फारसं बोलत नसत. धैर्य लागतं म्हणून. आज बोलले होते, आणि ते अर्धंच खोटं होतं म्हणून जास्त लागत होतं. हे असंच आठ दिवस चाललं तर पुढच्या फोनला ते पूर्ण खोटं होईल. लाइट गेली नाही म्हणून वसाहत गेली, असं ते मयुरीला कोणत्या तोंडाने सांगणार होते?

“चुना कालव,” ते बायकोला म्हणाले.

भिमाबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि थट्टा न करता वाटी घेतली. चुन्याचा अंदाज त्यांच्या बोटांत होता. माणिकरावांनी पुस्तकात बघून पाण्याचं माप सांगितलं. त्यांनी ते ऐकलं आणि आपल्याच मापाने कालवून कवडीचं दही व्हावं तसा केला. त्यांच्या हातचा चुना सिरिंजमधून एकसारखा निघत होता.

माणिकरावांनी घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं. त्यांनी बटण खाली पाडलं.

इतकी वर्षं अखंड चाललेली ती घरघर थांबली, आणि खोलीत बाहेरच्या भाजीवाल्याचा आवाज एकदम जवळ आला. पाणी काचेसारखं स्थिर झालं. मासे थोडे गोंधळले, मग एका कोपऱ्यात जाऊन थांबले. काहीही मेलं नाही.

त्यांनी सिरिंज जवळ नेताच पहिलं फूल गपकन फटीत ओढलं गेलं. दुसरंही तसंच. तिसऱ्या वेळी भिमाबाई म्हणाल्या, “तुमचं ऐकते ना ते. जेवू घालता तसं घाला.”

माणिकरावांनी सिरिंज डाव्या हातात घेतली. मग त्यांनी ड्रॉपर घेतला आणि कोळंबीचा कण सोडला. फूल पसरलं. पाकळ्या कणावर मिटू लागल्या, मधलं तोंड उघडलं, आणि त्या क्षणी त्यांनी सिरिंजचं टोक तोंडाशी नेऊन हळूच दाबलं. पांढरा गोळा आत गेला. फूल आक्रसलं आणि पुन्हा उघडलं नाही. तुकडे झाले नाहीत. त्यांनी अशी चार फुलं केली. रोज सकाळी ते बुद्धवंदना म्हणायचे, आणि पंचशीलातलं पहिलंच शील जिवाला न मारण्याचं. ज्याला हाताने भरवलं, त्याला त्याच हाताने, त्याच घासाबरोबर चुना देणं त्यांना जड जात होतं. ते भिमाबाईंना तसं म्हणाले.

“मंग झोआ मरू द्याच्या का?” भिमाबाईंनी विचारलं. “त्याही जित्याच.”

 एक तास होईपर्यंत ते घड्याळाकडे तोंड करून बसले. पाच वाजून दहा मिनिटांनी नळीने पांढरे गोळे ओढून काढले आणि बटण वर केलं.

तेव्हापासून रोज चार वाजून दहा मिनिटांनी हेच. रोज चारच, हात बसल्यावरही पाचवं नाही. एकदा अश्वजित म्हणाला, “दहा-बारा उडवून द्या ना एकदाच, किती दिवस घालसान?” तर त्यांनी त्याला पुस्तकातली ओळ दाखवली. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात रत्नागिरीहून फोन आला की मुलगी झाली, दोघी सुखरूप. भिमाबाईंनी पेढे वाटले, कलाबाईंनी दोन घेतले. त्या दिवशीही चार दहाला घरघर थांबली.

मे महिन्यात एकीकडे ती फुलं मरत होती आणि दुसरीकडे नवीन ठिपके दिसत होते. माणिकरावांना तीनदा वाटलं की आपल्याला हे जमणार नाही. जूनच्या मध्यावर पहिल्यांदा असा दिवस आला की भिंग घेऊन शोधूनही चार सापडली नाहीत, तीनच सापडली. झोआ तोवर एकोणचाळीस उरल्या होत्या, पण त्या एकोणचाळीसही उघड्या होत्या, आणि उजव्या कडेला मोहरीएवढी दोन नवी बटणं फुटली होती.

एकच गोष्ट त्यांनी केली नव्हती. डाव्या दगडाच्या फटीत, भिमाबाईंच्या चमच्यातूनही जे खाली राहिलं होतं त्यातून, त्यांचं पहिलं फूल पुन्हा वर आलं होतं. झोआंपासून ते दूर होतं. ते त्यांनी रोज उद्यावर टाकलं.

जुलैत मयुरी यायच्या आदल्या दिवशी त्यांनी वही काढली. वाचनालयात कोणी पुस्तकाच्या समासात पेन्सिलने खूण जरी केली तरी ते खोडून काढायचे. स्वतः त्यांनी कधी दुसऱ्याच्या पानावर अक्षर लिहिलं नव्हतं. सत्ताविसाव्या सूचनेखाली त्यांनी लिहायला घेतलं. कोणत्या तारखेला काय दिसलं, महिनाभर खाऊ घातला तो मी, दगड खरवडले तेव्हा मी थांबवलं नाही, पंप बंद केला, रोज एक तास. तेरा झोआ गेल्या. ‘फोनवर उघडतात म्हणालो, तेव्हा सगळ्या उघडत नव्हत्या.’ सगळं मिळून अडीच पानं झाली. समोर उभं राहून यातलं एक वाक्यही आपल्याला बोलता येणार नाही, हे त्यांना माहीत होतं.

मयुरी आली. भिमाबाईंनी दारातच भाकरीचा तुकडा बाळावरून ओवाळून टाकला, अश्वजित पिशव्या उतरवत राहिला. मयुरी पोरीला खांद्यावर घेऊन सरळ टाकीसमोर गेली आणि तिने मधल्या दगडाकडे पाहिलं.  माणिकरावांनी वही पुढे केली आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

तिने उभ्यानेच वाचलं. अडीच पानं वाचायला तिला पाच मिनिटं लागली. माणिकरावांना ती फार वाटली.

“तेरा,” ती शेवटी म्हणाली.

“हो.”

“फोनवर तुम्ही ‘हो’ म्हणालात, तेव्हाच मला वाटलं होतं. तुम्ही ‘हो’ कधी नुसतं म्हणत नाही. ‘हो, वाटतं’ म्हणता.”  तिने नाक पुसलं, पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, “हा एप्टेशिया इथे जन्मला नाही, बाबा. सप्टेंबरात मी तो डावीकडचा दगड नवा आणला, त्याच्यावरून आला असणार. आणल्यावर तो महिनाभर वेगळ्या पाण्यात ठेवायला हवा होता. मला कंटाळा आला होता, उलट्या होत होत्या, मी तसाच टाकला.”

“पाह्य,” भिमाबाई अश्वजितला म्हणाल्या. “अन् तू मले म्हणे, आईने साठ चोर केले.”

मयुरी वाकून फटीत बघत होती. “हा एक का ठेवलात?”

माणिकराव खिडकीपासून टाकीपाशी आले. मग म्हणाले, “तो मी पहिल्यांदा पाहिला होता. तुला दाखवायचा होता.”

मयुरीने त्या फुलाकडे पाहिलं. दिसायला ते खरंच देखणं होतं, काचेसारखं, पाण्याबरोबर हलणारं. “पाहिला,” ती म्हणाली. तिने टेबलावरचं पेन घेतलं, वहीचं पहिलं पान उघडलं आणि सूचना क्रमांक नऊवर, दोन रेघांसकट, एक आडवी रेघ ओढली. तिच्यापुढे ‘बाबांना विचारावं’ असं लिहिलं आणि वही मिटून ठेवली. “माझे हात रिकामे नाहीत, बाबा. तुम्हीच करा.”

भिमाबाईंनी चुना कालवला. माणिकरावांनी वहीत बघितलं नाही. त्यांनी बटण खाली पाडलं, ड्रॉपरने एक कण सोडला, फूल उघडलं, आणि त्यांनी सिरिंज दाबली.

मग सगळे टाकीसमोर बसले. पोर आईच्या मांडीवर झोपून गेलं. अश्वजितने चहा केला, तो पिऊन झाला. मयुरीने दोनदा पंपाच्या बटणाकडे बघितलं. चार वर्षांत तिने ही टाकी इतकी शांत कधी पाहिली नव्हती.

“बाबा,” ती म्हणाली, “झाला असेल ना आता तास? करू या चालू?”

“नाही,” माणिकराव म्हणाले. “अजून अकरा मिनिटं आहेत.”